वंशावळीत नसलेली बहीण

माझ्या सख्ख्या भावाची मी बहीण आहे, हे सिद्ध करायला मला सात आठवडे लागले. आम्ही एका आईच्या पोटचे. नाक तर दोघांचं इतकं सारखं की निपाणीच्या स्टँडवर अनोळखी माणसंसुद्धा मला थांबवून विचारत, "कंडक्टरसायबांची भन न्हवं काय तुमी?" पण मला माझ्या लिव्हरचा तुकडा त्याला द्यायचा होता, आणि त्यासाठी नाक चालत नाही, कागद लागतो. त्या सात आठवड्यांतले किती दिवस त्याच्या वाट्याचे होते हे कुणालाच माहीत नव्हतं. आठवलं की अजून डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले आहे.

अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. निपाणी–बेळगाव गाडीवर तीस वर्षं कंडक्टर होता. निपाणीजवळच्या आमच्या गावात घरटी कुणी ना कुणी तंबाखूच्या धंद्यात, पण ह्यानं कधी चिमूटभर तंबाखू तोंडात टाकली नाही. दारूचं तर नावच नको. पिऊन चढलेल्या माणसाला तो भर रस्त्यात गाडी थांबवून उतरवायचा. त्याचं व्यसन एकच, चहा. संकेश्वरला एक, यमकनमर्डीला एक, बेळगावात उतरला की एक, आणि प्रत्येकाबरोबर गरम भजी, कारण हॉटेलवाला कंडक्टरला प्रेमानं आणून द्यायचा. साखर दोन चमचे. पुढे मधुमेह झाला तेव्हा दीड.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्याचे पाय सुजायला लागले. मग पोट. वहिनी म्हणाली गॅस आहे, आणि ओवा देत बसली. गावात कुणीतरी सांगितलं की बसून बसून असं होतं, कुणी म्हणालं उभं राहून राहून होतं. मी बेळगावात शाळेवर विज्ञानाची शिक्षिका, तरी मलाही चार महिने हा गॅसच वाटला. शेवटी त्याचे डोळे पिवळे दिसले तेव्हा मी त्याला बेळगावला ओढून आणलं आणि सोनोग्राफी केली. सिरॉसिस. लिव्हर आक्रसून खडबडीत झालेलं, आणि पोट वाढलं होतं ते पाण्यानं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती वर्षं पितात?" दुसऱ्या डॉक्टरांचाही तोच. रक्त काढणाऱ्या मुलीनं तर अण्णाला न विचारता वहिनीला विचारलं. मग गावात बातमी गेली आणि प्रश्नसुद्धा राहिला नाही, नुसत्या माना हलू लागल्या. लपूनछपून घेत असणार, कंडक्टर माणूस, रोज दोन गावचं पाणी. अण्णाला पोटातल्या पाण्यापेक्षा हे जास्त जड गेलं.

"आयुष्यभर पिणाऱ्यास्नी गाडीतनं उतरवलं," तो म्हणायचा, "आनि आता मीच बेवडा झालो बघ."

मला राग लोकांचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. अठ्ठावीस वर्षं मी आठवीला शिकवत आले की यकृत ही शरीरातली सर्वांत मोठी ग्रंथी. फळ्यावर तपकिरी खडूनं ती काढते, तिची पाच कामं पाठ करून घेते. साखर आणि चरबी यांनी दारूचा थेंब न लागता तेच यकृत जून होतं, हे मला माझ्या भावाच्या रिपोर्टवरून कळावं? बारा वर्षं तो दर तीन महिन्यांनी साखर तपासत होता. तेवढ्या वर्षांत एकाही माणसानं त्याच्या बरगडीखाली बघितलं नाही. आता तर एक यंत्र आलंय, सोनोग्राफीसारखं बरगड्यांच्या मधे टेकवतात आणि दहा मिनिटांत लिव्हर किती कडक झालं ते सांगतात. सुई नाही, काप नाही. ते बेळगावात आहे. ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्यानं अण्णाची गाडी दिवसातून दोनदा जायची.

उपचार सुरू झाले. मीठ बंद, पाणी उतरायच्या गोळ्या, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीतून रबरी बँड, आणि पोट साफ राहावं म्हणून एक गोडमिट्ट औषध. दर दोन-तीन आठवड्यांनी पोटात सुई घालून पाणी काढायचं. बेळगावचे डॉक्टर भले होते. ते एकदा सरळ म्हणाले, "मॅडम, ही सगळी ठिगळं आहेत. लिव्हर बदलायला हवं." आणि त्यांनी पुण्याच्या एका हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली, कारण अण्णाची एकुलती एक मुलगी पुण्यात राहते.

पुण्यात कळलं की लिव्हर दोन वाटांनी मिळतं. एक, मेंदू मृत झालेल्या कुणाच्या तरी घरच्यांनी दिलं तर. त्याची यादी असते, तिच्यात नाव घालून थांबायचं. दुसरी वाट म्हणजे घरातल्या जिवंत माणसानं आपल्या लिव्हरचा भाग कापून द्यायचा. देणाऱ्याचं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं, घेणाऱ्याच्या पोटातलाही तुकडा वाढतो. हे ऐकताना माझ्यातली शिक्षिका हरखली. नख वाढतं, केस वाढतात, तसा हा एवढा थोरला अवयव वाढतो, आणि माणसांनी ते ओळखून त्यातून जीव वाचवायची रीत काढली. पुण्याहून येताना कराडच्या पुढे येईपर्यंत मी वहिनीला तेच समजावत होते. वहिनी म्हणाली, "वन्सं, पर दील कोन?"

यादीत नाव घातलं. त्यानंतर टीव्हीवर हायवेच्या अपघाताची बातमी लागली की वहिनी आधी हात जोडायची आणि मग दचकून हात खाली घ्यायची. आपण काय मागितलं ते तिचं तिलाच कळायचं. मी ते दोनदा पाहिलं, आणि ठरवलं की ही वाट आपली नाही.

वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. भाचीला पाचवा महिना. राहिले मी. रक्तगट जुळला. मी नवऱ्याला विचारलं, म्हणजे सांगितलंच. ते बँकेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांनी चष्मा लावून फॉर्म पूर्ण वाचला, सही केली आणि विचारलं, "तुला जपतील ना नीट?" एवढंच. हॉस्पिटलमध्ये देणाऱ्यांच्या फायली बघणाऱ्या बाईंनी मात्र तीन वेळा विचारलं की सासरच्यांची काही हरकत नाही ना. मी सत्तावन्न वर्षांची, माझे सासू-सासरे जाऊन जमाना झाला, आणि तरी हा प्रश्न.

त्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही देणारी माणसं बसायचो. एका सकाळी मी सहज बघितलं. बायको, बायको, आई, बहीण, बायको. टोकाला एक तरुण पुरुष होता, तो आपल्या वडिलांना देणार होता आणि सगळ्या त्याचंच कौतुक करत होत्या. घेणारे जवळजवळ सगळे पुरुष. मी बाईंना विचारलं, हे नेहमीच असं? त्या फायलीतून मान वर न काढता म्हणाल्या, "असंच असतं हो." मला चीड आली, आणि चीड आली तरी मी त्याच बाकावर बसून राहिले.

मग माझा स्कॅन झाला. तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुमच्याही लिव्हरवर चरबी आहे." एकाच आईच्या हातचं खाल्लेलं, दुसरं काय होणार! म्हणाले, आत्ता हे लिव्हर घेता येणार नाही, पण सहा आठवडे नीट चाललात, वजन उतरवलंत तर चरबी उतरेल. लिव्हर या बाबतीत मनानं मोठं असतं. मी त्या दिवसापासून साखर सोडली, भात सोडला, तळलेलं सोडलं. पहाटे टिळकवाडीतून निघून व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागले. गुडघे कुरकुरायचे. स्टाफरूममध्ये कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचा कुंदा आला की मी पाठ फिरवून वह्या तपासायची. मैत्रिणी चिडवायच्या, या वयात कुणासाठी बारीक होतेस गं? मी म्हणायची, भावासाठी. त्या हसायच्या. त्यांना ती चेष्टा वाटायची.

हे सगळं माझ्या हातातलं होतं, म्हणून जमलं. जे हातातलं नव्हतं ते आता सांगते.

हॉस्पिटलनं कागदांची यादी दिली होती. दोघांचे आधार, दोघांचे शाळेचे दाखले, माझ्या लग्नाचा दाखला, जुने एकत्र फोटो. माणसांचे अवयव विकले जातात, बहीण म्हणून भाड्याची बाई उभी केली जाते, म्हणून एक समिती सगळं तपासते. ठीक आहे. आम्ही सीमेवरची माणसं कागदांना भीत नाही. आम्हाला त्याची सवय आहे. एका कचेरीत कन्नड, दुसरीत मराठी, तिसरीत इंग्रजी, आणि आपलं गाव नक्की कुठं हे सांगायला चौथा कागद. अण्णानं तर नोकरी संपल्यावरही आपली रेक्झिनची कंडक्टरची पिशवी टाकली नव्हती. तिच्यात घरचे सगळे कागद असत. त्याचं ठरलेलं वाक्य होतं, "असू दे. मागितला तर दाखवाय बरा."

फाईल लावायला आम्ही त्याच्या घरी बसलो. मी कागद क्रमानं लावत होते, तो पिशवीतून काढून देत होता. यादी संपली तरी तो देतच राहिला. रेशनकार्ड. घराचा उतारा. आणि कन्नडमध्ये छापलेला एक हिरवट शिक्क्याचा कागद.

"हे काय?"

"वंशावळ. कचेरीचा शिक्का हाय त्यावर. ह्येच्याम्होरं कोन बोलत न्हाय."

हॉस्पिटलनं वंशावळ मागितलेली नव्हती. कुणीच मागितलेली नव्हती. पण आमच्या भागात कुठल्याही टेबलावर ती ठेवली की काम पुढे सरकतं, हा तीस वर्षांचा अनुभव. कन्नड मला वाचता येतं. मी वाचली नाही. फाईल जाडजूड झाल्याचं मला समाधान वाटलं, आणि मी ती सगळ्यांत वर लावली.

पुण्यात समितीसमोर आम्ही दोघं बसलो. पाच जण होते. त्यांच्यातल्या एकाला कन्नड येत होतं. त्यांनी वरचा कागद उचलला, बोट फिरवत वाचला, शेजाऱ्याला काहीतरी सांगितलं. मग माझ्याकडे बघून, अगदी सौम्यपणे, विचारलं, "यात तुमच्या वडिलांना एकच मुलगा आहे. याशिवाय दुसरा कुणीही वारस नाही असं प्रतिज्ञापत्र करून दिलंय. मग तुम्ही कोण?"

मी अण्णाकडे बघितलं. त्यानं खाली बघितलं.

मला आठवलं. वडील गेले त्यानंतरची गोष्ट. बेळगावात गाडीला अर्धा तास थांबा असायचा, तेवढ्यात अण्णा माझ्या शाळेत आला होता. म्हणाला, जमीन नावावर करायची आहे, वंशावळ काढायला लागेल. तुझं नाव घातलं की दर सहीला तुला कचेरीत पळावं लागंल, रजा टाकावी लागंल. तलाठी म्हनतोय, भैनीचं नाव घालू नका, सोपं पडतंय. मी म्हणाले, नको घालू. शाळेच्या फाटकात उभ्या उभ्या म्हणाले, घंटा झाली होती. आमच्याकडे सगळ्या बहिणी असंच म्हणतात. भाऊबीजेला साडी येते, हरभऱ्याची डहाळी येते, आंबे येतात, आणि माहेर सुखात राहिलं म्हणायचं. मला त्यात काही गेल्यासारखं वाटलं नव्हतं. आता त्या पाच माणसांपुढे बसून वाटलं.

मी शाळेचा दाखला दाखवला, त्यात वडिलांचं नाव होतं. लहानपणीचा फोटो दाखवला. रक्ताच्या चाचणीत आम्ही भावंडं असल्याचं दिसत होतं, तेही दाखवलं. ते गृहस्थ म्हणाले, "रक्त खरं असेल हो बाई. पण सरकारी कागद खोटा आहे असं म्हणायचा अधिकार मला नाही. आणि तो दुसऱ्या राज्याचा. तिकडून दुरुस्त करून आणा." त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही, आणि त्यामुळेच जास्त जळफळाट होतो. चुकलं असतं तर भांडता आलं असतं.

परतीच्या वाटेवर निपाणी जवळ आल्यावर अण्णा म्हणाला, "दुसरं कोन न्हाय म्हनून मी लिवून दिलंतं. माझ्याच हातानं."

"व्हय, दिलंस लिवून," मी म्हणाले.

तेव्हा त्याला धीर द्यायला हवा होता. मी दिला नाही. मी खिडकीतून बाहेर बघत बसले. तो आजारी होता आणि मी चिडलेली होते, आणि मी चिडणं निवडलं.

मग कचेरी सुरू झाली. अर्ज दिला. तलाठी गावात येऊन चौकशी करणार, पाच पंचांनी सांगायचं की ही बाई ह्या घरची. पंचांपैकी दोघं कारखान्याच्या सभेला गेलेले, म्हणून एक आठवडा गेला. पंचनामा झाल्यावर पंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली: अमुक इसमास एक बहीण असल्याचे कळते, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मी ती नोटीस उभी राहून वाचली. मी आहे, याला कुणाची हरकत असेल तर! तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला ओळखलं, म्हणाला, "बाई, लिव्हर द्याला आलीस व्हय? लई चांगलं. पर लिव्हर दिलं म्हनून पेताडाचं पेनं सुटतंय व्हय?" मी तिथून निघाले.

इकडे अण्णा घसरत होता. लिव्हर नीट काम करेनासं झालं की रक्तात विष साठतं आणि ते मेंदूवर चढतं. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, बोलता बोलता वाट चुकतो. पुण्याच्या डॉक्टरांनी वहिनीला एक साधी युक्ती सांगितली होती, रोज सकाळी त्याची सही घ्या; अक्षर बिघडलं की समजा, आणि गोड औषध वाढवा. मी शाळेतली एक शंभर पानी वही दिली. अण्णाची सही मोठी झोकदार, शेवटच्या अक्षराची शेपटी खालून वळवून पुन्हा नावाखाली आणायचा. मी रविवारी गेले की वही चाळायची. आधी शेपटी आखूड झाली, मग गेली. मग अक्षरं ओळ सोडून उतरायला लागली. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, त्यांचं अक्षर वर्षभरात सुधारताना बघितलं. ही एकच वही मी उलटी जाताना बघितली.

आणि नेमकी त्याचीच सही लागणार होती. आधीचं प्रतिज्ञापत्र चुकीचं होतं, मला बहीण आहे, असं त्यानंच कचेरीत येऊन लिहून द्यायचं होतं. आम्ही त्याला गाडीत घालून नेलं. दोन्ही बाजूंनी धरून खिडकीशी बसवलं. त्यानं पेन धरलं तर हात वाऱ्यावरच्या रिकाम्या पिशवीसारखा हलला. कागदावर काहीतरी उमटलं. कारकुनानं जुनं प्रतिज्ञापत्र काढून दोन सह्या शेजारी शेजारी ठेवल्या. जुन्या सहीला शेपटी होती.

"ही सही ह्यांची न्हवं," तो म्हणाला.

अण्णानं डोळे उघडले. त्याच्याकडे बघून, अगदी कामावरच्या आवाजात, विचारलं, "तिकीट घेतलंय काय?"

कारकून हसला. मागे रांगेत उभे होते तेही हसले. तो म्हणाला, "सकाळी सकाळी घालून आणलाय व्हय? आक्का, शुद्धीवर असताना आणा की."

मी अठ्ठावीस वर्षांत वर्गात आवाज चढवला नाही. त्या दिवशी चढवला. मी म्हणाले की ह्या माणसानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, हा आजार आहे, ह्याच्या लिव्हरनं काम सोडलंय म्हणून हा असा बोलतोय. काय काय म्हणाले ते सगळं आठवत नाही. वहिनी रडत होती. कारकून खजील झाला, त्यानं अण्णासाठी पाणी मागवलं. पण कागद कागदाच्या जागी. डॉक्टरांचा दाखला आणा, म्हणाला, समजून-उमजून सही करतात असा. आणखी सहा दिवस.

त्या सहा दिवसांत औषध वाढवून अण्णा थोडा स्वच्छ झाला. दाखला मिळाला, सही झाली, थरथरती पण वाचता येईल अशी. परत येताना तो मागच्या सीटवर माझ्या खांद्यावर डोकं टेकून होता. म्हणाला, "घातलं असतं तुजं नाव, तर काय बिघडलं असतं गं?"

"काय बी न्हाय," मी म्हणाले. या वेळी नीट बोलले. "आता घातलंय न्हवं?"

"शाळेत तुझी घंटा झालती," तो म्हणाला. एवढं त्याला आठवत होतं.

एका मंगळवारी कागद हातात आला. वडिलांच्या नावाखाली आता दोन फांद्या होत्या. मी कचेरीच्या पायरीवर उभी राहून त्याचा फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. त्याच आठवड्यात माझा पुन्हा स्कॅन झाला होता. तेच तरुण डॉक्टर खुर्चीतून उठून म्हणाले होते, "मॅडम, कमाल केलीत. तुमचं लिव्हर एकदम उत्तम आहे." समितीनं शनिवारी होकार दिला. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी ठरलं. मी शाळेत रजेचा अर्ज दिला, आणि कारण लिहिताना पहिल्यांदा खरं कारण लिहिलं.

रविवारी अण्णाला ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. पुण्याला नेईपर्यंत लघवी कमी झाली. डॉक्टर म्हणाले, जंतू असताना लिव्हर बसवता येत नाही, ते आटोक्यात आले तर करू. आम्ही दोघंही एकाच मजल्यावर होतो. तो अतिदक्षता विभागात काचेच्या आत, आणि मी बाहेर, सगळ्या तपासण्या झालेली, तयार. अकरा दिवस. बाराव्या दिवशी पहाटे तो गेला.

मी डॉक्टरांना विचारलं, ते सात आठवडे वाचले असते तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. खरंच येत नसणार. पण मला रोज सांगता येतं. मैदानाला फेऱ्या मारताना प्रत्येक फेरीला सांगता येतं. मी अजून चालते. साखर अजून घेत नाही. शाळेत आठवीच्या वर्गाला मी आता यकृताच्या पाच कामांच्या आधी सांगते की घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांना सांगा, लिव्हर बघून घ्या, दारू पीत नसलात तरी. पुस्तकात नाही ते, पण सांगते.

चार महिन्यांनी वहिनीचा फोन आला. आधी तब्येतीची चौकशी केली, भाचीच्या बाळाचं सांगितलं, आणि मग पुन्हा तब्येतीवर आली. तिला काहीतरी मागायचं होतं आणि शरम वाटत होती.

"वन्सं, जमीन माझ्या नावावर करायची हाय. तलाठी म्हनत्यात, तुमची सही लागंल. हक्कसोड. कागदावर आता तुमी आलाय न्हवं, म्हनून."

मी म्हणाले, येते. तिची जमीन होती, तिलाच मिळायला हवी होती, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

तीच खिडकी, तोच कारकून. त्यानं मला ओळखलं, उठून आतून खुर्ची आणून दिली, चहा सांगितला. मी नको म्हटलं. हक्कसोडपत्र टाइप होऊन तयार होतं. वडिलांचं नाव, अण्णाचं नाव, पुढे "मयत", आणि मग माझं नाव, त्यापुढे "सख्खी बहीण". सही कुठे करायची तिथे त्यानं पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवली होती. मी वाचलं, या वेळी शेवटपर्यंत वाचलं, आणि सही केली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. मी अण्णाची बहीण असल्याचा पुरावा या वेळी कुणीही मागितला नाही.